समासातला शेरा

पापाटोएटोच्या स्टेशनाजवळ औषधांचं एक दुकान आहे. वल्लरी तिथे फार्मासिस्ट होती. त्या मंगळवारी दुपारी बाहेर ऑकलंडचा तो चिवट पाऊस लागला होता... छत्री उघडावी तर लाज वाटते आणि न उघडावी तर माणूस पुरता भिजतो. दार ढकलून एक उंच तरुण आत आला. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, केसांतून पाणी निथळतंय. त्यानं घशाच्या गोळ्या घेतल्या, पैसे दिले, आणि तिथेच घुटमळत राहिला.

वल्लरीनं अजून काही हवंय का ते इंग्रजीत विचारलं. त्यानं तिच्या पांढऱ्या कोटावरची नावाची पट्टी वाचली आणि सरळ मराठीत म्हणाला, "तुम्ही लोक डॉक्टरांचं अक्षर वाचता ना? मग हे जरा वाचून दाखवा. मी तीन दिवस डोकं फोडतोय."

त्यानं फोन पुढे केला. फोटोत एक पिवळा पडलेला कागद होता आणि त्यावर तपकिरी शाईत मुंग्यांची रांग. वल्लरीनं चष्मा सावरला.

"नवरा मुलगा सुतार आहे. मुलगी एकवीस वर्षांच्या आतली, म्हणून वडिलांची संमती घेतलीये. खाली शपथ घेतल्याची तारीख. यात अवघड काय आहे?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. तिच्या चष्म्याकडे, मग तिच्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. आणि त्यानं विचारलं, "शनिवारी काय करता तुम्ही?"

"झोपते."

"थोडं कमी झोपाल?"

त्याचं नाव गंधार. मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, फ्लॅट बुशला राहणारा. शहरातल्या एका जुन्या चर्चच्या मागच्या खोलीत पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या लग्नपरवान्यांची वही होती. तिची यादी ऑनलाइन टाकायचं काम चाललं होतं. गंधारच्या कंपनीनं त्यासाठीचा प्रोग्रॅम फुकट करून दिला होता. काम संपल्यावर कंपनी बाजूला झाली, हा मात्र तिथेच रमला.

झोपेवर पाणी सोडून वल्लरी त्या शनिवारी ट्रेननं शहरात गेली. आपण जुन्या कागदांसाठी चाललोय असं तिनं स्वतःला बजावलं होतं. केस मात्र दोनदा विंचरले होते.

काम हेदरबाईंच्या देखरेखीखाली चाले. हेदरबाई लायब्ररीतून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, आवाजात जरब. आल्या आल्या "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत आणि लगेच कामाचं बोलत. त्यांनी वल्लरीला समजावलं ते असं. त्या काळी इथे लग्न करायचं तर दोन वाटा होत्या. एक तर लागोपाठ तीन रविवार चर्चमध्ये सगळ्यांदेखत नावं वाचून दाखवायची, कुणाची हरकत नसली तर लग्न. नाहीतर, घाई असली किंवा चारचौघांत बोभाटा नको असला, तर चर्चकडून परवाना काढायचा. त्यासाठी नवऱ्या मुलानं येऊन शपथ घ्यायची, की आमच्या लग्नाच्या आड काही येत नाही. पण परवाना म्हणजे लग्न नव्हे, हे त्यांनी तीनदा सांगितलं. परवाना काढूनही काहींची लग्नं व्हायची नाहीत. या वहीचा कारकून पक्का होता. वापरला न गेलेला परवाना तो परत मागवायचा आणि समासात पेन्सिलीनं तसा शेरा मारायचा. शेरा नाही म्हणजे लग्न लागलं, असं समजायचं.

कामाची रीतही तशीच पक्की. एकच पान दोघांनी वेगवेगळं टाइप करायचं, एकमेकांचं न बघता. दोघांचं जुळलं तर ते पान थेट यादीत. फरक पडला तर ते तिसऱ्या माणसाकडे जाणार, तो मूळ कागद बघून एकाच्या बाजूनं निवाडा देणार. वल्लरीची नजर पाहून हेदरबाईंनी तिला तिसरं आसन दिलं. गंधार तिला थर्ड अंपायर म्हणायला लागला.

पडद्यावर नावं नसत, नुसतं 'अ' आणि 'ब' असे. पण गंधार तारखेतल्या एकेरी आकड्याआधी नेमानं शून्य लावी, त्यामुळे त्याचं लिखाण वल्लरीला लगेच ओळखू येई. दुसरी बाजू हेदरबाईंची. गंधार हुशार होता, पण प्रत्येक शनिवारी दोन-तीन ठिकाणी हमखास माती खायचा. मग सोमवारी दुकान बंद करताना वल्लरी त्याला फोन करायची.

"त्या विधवाबाईंचं वय कुठे गेलं?"

"बायकांचं वय विचारू नये म्हणतात."

"दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचं चालतं."

"मग तर जास्तच जपायला हवं. आता वाढायचं नाही ते..."

असं सुरू झालेलं बोलणं तासभर चाले. तिच्या घरच्या पोळ्या गोल होतात का, त्याच्या आईला ऑकलंडची थंडी का मानवली नाही, हेन्डरसनला जाऊन काउन्सिलच्या ऑफिसात त्याला दीड तास का बसावं लागलं... सगळं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. शनिवारी परतताना तो तिला गाडीनं घरी सोडायचा. वल्लरी पुढे त्याच्या शेजारी बसायची, पावसात काचा धुरकट व्हायच्या, आणि तो काच पुसायला हात लांब करायचा तेव्हा ती उगीचच श्वास धरून बसायची.

हे प्रेम आहे हे शहाण्या बाईला एवढ्यावरून कळायला हवं होतं. वल्लरीला नाही कळलं. तिला ते कळलं ऋग्वेदा आल्यावर.

हेदरबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांच्या जागी टाइप करायला ऋग्वेदा आली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, तीही फ्लॅट बुशची, गंधारच्या घरापासून तीन गल्ल्यांवर. दिसायला देखणी, बोलायला गोड, डबा उघडला की अळूवडी. तिच्यात खोट काढायला वल्लरीनं पहिला पूर्ण शनिवार खर्च केला आणि हाती काही लागलं नाही. यासारखं दुःख नाही. नावडतं माणूस निदान वाईट तरी असावं.

संध्याकाळी गाडीपाशी ऋग्वेदा म्हणाली, "मी पुढे बसू का गं? मागे बसलं की मला मळमळतं."

मळमळतं म्हणणाऱ्या बाईला कोण नाही म्हणणार? वल्लरी मागे बसली. पुढच्या सीटांच्या वर दोन डोकी दिसत होती, आणि ती दोन डोकी हसत होती. त्यात पापाटोएटो आधी लागतं. म्हणजे वल्लरीनं आधी उतरायचं, दार लावायचं, हात हलवायचा, आणि ती दोघं पुढे जायची. गाडीचे लाल दिवे वळणावर दिसेनासे होईपर्यंत ती फुटपाथवर उभी राहायची आणि घरी जाऊन तिला जेवण जायचं नाही.

फार्मासिस्ट असल्यामुळे तिनं आधी ॲसिडिटी धरून औषध घेतलं. उतार पडला नाही. मग मात्र आरशासमोर उभं राहून तिनं स्वतःशी कबूल केलं की हा हेवा आहे. निव्वळ जळफळाट. आणि हेवा आहे म्हणजे त्याच्या मुळाशी काय आहे, तेही ओघानं आलंच.

कबूल केल्यानं तो कमी झाला नाही, उलट त्याला ऐट आली. ऋग्वेदानं गंधारला पेन दिलं, खुपलं. गंधारनं ऋग्वेदाला डेअरीतून आइस्क्रीम आणलं, फार खुपलं; वल्लरीलाही आणलं होतं, पण ते दुसरं आणलं होतं. सोमवारचे फोन तिनं बंद केले. आपण कशाला मध्ये पडा? निवाडा द्यायचा आणि मोकळं व्हायचं. तोही आपणहून फोन करेना. बघा, म्हटलंच होतं मी, असं ती रोज मनाशी म्हणायची.

असाच एक शनिवार. गंधार अळूवडी खाता खाता खोलीतल्या सगळ्या स्वयंसेवकांसमोर म्हणाला, "ऋग्वेदाची नजर कसली आहे! आता आपली थर्ड अंपायर बेकार होणार."

सगळे हसले. वल्लरीही हसली. मग ती आपल्या पडद्याकडे वळली आणि समोर एक पान आलं. टॉमस एलवूड, लोहार. हॅना पार्किन, अविवाहित. 'अ' आणि 'ब' दोघांचं सगळं सारखं, फक्त शेऱ्याच्या रकान्यात फरक. 'अ'नं लिहिलं होतं, परवाना परत आला, विवाह झाला नाही. 'ब'नं रकाना कोरा सोडला होता. 'ब'च्या तारखेआधी शून्य होतं.

वल्लरीनं मूळ कागद मोठा करून पाहिला. समासात पेन्सिलीच्या पुसट ओळी होत्या. पुसट, पण होत्या. 'परत' हा शब्द तर स्पष्ट लागत होता. ऋग्वेदाचं बरोबर होतं.

पलीकडे ती दोघं कशावर तरी पुन्हा हसली.

वल्लरीनं 'ब'वर टिचकी मारली. कारण लिहायच्या जागी तिनं लिहिलं, 'कागदाच्या घडीची सावली.' पान यादीत गेलं. इतक्या वर्षांत तिच्या हातून कुणाला चुकीची गोळी गेली नव्हती. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला बरं वाटलं, आणि तेवढ्या बरं वाटण्याची शिक्षा तिला पुढे तीन महिने पुरली.

यादीचा तेवढा भाग ऑनलाइन गेला. तीन महिन्यांनी, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, काठी टेकत एक म्हातारी खोलीत आली. ॲव्रिल तिचं नाव, वय ब्याऐंशी. हॅना पार्किन ही तिची खापरपणजी.

ऑपरेशननंतर कामावर परतलेल्या हेदरबाईंनी दिलेल्या चहाकडे न बघता ॲव्रिलनं सांगितलं की हॅनाबद्दल घरात पिढ्यान्‌पिढ्या एक कुजबुज होती. पहिला नवरा जिवंत असताना तिनं दुसरं लग्न केलं, त्याला सोडून ती आमच्या खापरपणजोबांकडे आली, अशी. ॲव्रिलच्या आजीला शाळेत पोरींनी त्यावरून चिडवलं होतं. ॲव्रिलची थोरली बहीण आता नव्वदीला टेकली होती, आणि हे खोटं आहे एवढं तिला मरायच्या आधी ऐकायचं होतं.

"तुमच्या यादीत सापडलं," ॲव्रिल म्हणाली. "एलवूडशी परवाना निघाला होता आणि समासात काही नाही. म्हणजे ती त्याची बायको होती. ते लग्न कुठे लागलं याचा कागद बघायला मी तीनदा उत्तरेकडे जाऊन आले. तिथली चर्चं पालथी घातली, कुठेच नाही. आता बहिणीला काय सांगू, ते विचारायला आले."

ऋग्वेदा कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "इथे मी काहीतरी शेरा टाइप केला होता बहुतेक..." हेदरबाईंनी संगणकात पाहिलं. घडीची सावली, असं निवाड्यात आहे, त्या म्हणाल्या, आणि वल्लरीचा निवाडा कधी चुकत नाही. ॲव्रिलनं मान हलवली आणि काठी उचलली.

वल्लरी खुर्चीतून अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. खरं बोलावं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगावं तर गंधारला कळणार, की जिला तो थर्ड अंपायर म्हणतो ती आतून काय आहे. आज ना उद्या तो आपल्याकडे वळेल ही वेडी आशा तिनं अजून सोडली नव्हती, आणि खरं बोलल्यावर ती उरणार नव्हती. ॲव्रिल जिना उतरून गेली.

संध्याकाळी गाडी पापाटोएटोला थांबली. वल्लरी उतरलीच नाही.

"मी पुढे येते," ती म्हणाली. "काम आहे."

पुढच्या दोन डोक्यांनी एकमेकांकडे पाहिलं. फ्लॅट बुशला ऋग्वेदा आपल्या घरापाशी उतरली आणि जाताना का कोण जाणे, खिडकीतून वल्लरीचा खांदा दाबून गेली. गाडी वळून दोन घरं पुढे गेल्यावर वल्लरी म्हणाली, "थांबव."

गंधारनं गाडी कडेला घेतली. नव्या कोऱ्या घरांची रांग, सारखीच गॅरेजं, कुणीतरी हिरवळीला पाणी घालत होतं. वल्लरी मागच्या सीटवरूनच बोलली. त्याच्या पाठीशी बोलणं सोपं होतं.

"हॅनाचा शेरा मला दिसला होता. ऋग्वेदाचं बरोबर आहे हे मला माहीत होतं. तरी मी तुझं धरलं."

"का?"

"कारण ती तुझ्याशेजारी बसते."

त्यानं वळून पाहिलं नाही. वल्लरीनं डोळे मिटून घेतले आणि उरलेलंही सांगून टाकलं, एकदा सांडायला लागलंच होतं तर. "मला तिच्या अळूवड्यांचा हेवा वाटतो. तिच्या मळमळण्याचा वाटतो. सोमवारी मी फोन करत नाही आणि मग तू का करत नाहीस म्हणून तुझा राग येतो. मी... मला तू हवा आहेस, गंधार. आणि त्यापायी मी एका मेलेल्या बाईला बदनाम केलं. आता जे म्हणायचं ते म्हण."

गंधारचे कान लाल झाले होते, ते तिला मागून दिसत होतं. तो म्हणाला, "शेरा मलाही दिसला होता."

"काय?"

"मुद्दाम कोरा सोडला." त्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "दोघांचं जुळलं की पान तुझ्याकडे येतच नाही, वल्लरी. चुकलं तरच येतं. चुकलं तरच तू फोन करतेस... म्हणून मी पहिल्या शनिवारपासून चुकतोय."

वल्लरीला हसावं की रडावं कळेना. विधवाबाईंचं वय, संमती न देणारे वडील, हरवलेली गावं, सगळी तिच्या डोळ्यांसमोरून गेली.

"सगळंच मुद्दाम?"

"दोन खऱ्या चुका होत्या. बाकी सगळ्या तुझ्यासाठी. तू पकडणार याची खात्री असायची. हॅनाचं तर तू पकडणारच होतीस, इतकं सोपं होतं ते. तू माझं बरोबर धरलंस तेव्हा मी घाबरलो. वाटलं, तू आता नीट बघतसुद्धा नाहीस. कंटाळलीस. ऋग्वेदा म्हणत होती, गाढवा, तिला विचार. पण तुझे फोन बंद झाले, मग माझा धीर होईना. आज ॲव्रिलसमोरही तोंड उघडलं नाही मी."

"ऋग्वेदाला माहीत होतं?"

"तिनं दुसऱ्याच शनिवारी ओळखलं. पुढे बसून दर शनिवारी तेच ऐकवते."

वल्लरीनं मागचं दार उघडलं, वळसा घालून पुढे आली आणि त्याच्या शेजारी बसली. दोघंही समोर बघत होती. मग तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली, चांगली सणसणीत. आणि हात तिथेच ठेवला.

"तिनं तीन खेपा घातल्या, गंधार. ब्याऐंशीव्या वर्षी. काठी टेकत."

"माहितीये. उद्या जाऊया आपण."

रात्रीच त्यांनी हेदरबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, की दुरुस्ती त्या करतील, पण कारणाच्या रकान्यात खरं तेच लिहिलं जाईल, आणि तो रकाना जगात कुणालाही वाचता येतो. शिवाय गंधारनं टाइप केलेलं प्रत्येक पान दोघांनी मिळून पुन्हा तपासायचं. किती शनिवार लागतील ते लागोत. दोघांनी मुकाट्यानं हो म्हटलं.

रविवारी सकाळी ॲव्रिलच्या घरी गंधारनं मोठी करून छापलेली समासाची प्रत टेबलावर ठेवली. ॲव्रिल भिंग घेऊन वाकली आणि ओठ हलवत एकेक अक्षर लावत गेली. परवाना परत आला. विवाह झाला नाही. तिनं ते तीनदा वाचलं.

"म्हणजे ती कुणाचीच बायको नव्हती," ती म्हणाली. "मोकळी होती."

"हो. आणि मी ते लपवलं," वल्लरी म्हणाली. कारणही सांगितलं, काही हातचं न राखता. गंधारनं आपलं सांगितलं. ॲव्रिलनं ऐकून घेतलं. तिनं रागावून दोन शब्द बोलावेत असं वल्लरीला फार वाटत होतं. ॲव्रिलनं मात्र दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, अजिबात घाई न करता.

"माफ एवढ्यात करणार नाही," ती म्हणाली. "आधी बहिणीला फोन करते. तुम्ही कप धुवा."

स्वयंपाकघर एवढंसं होतं. वल्लरी कप विसळत होती, गंधार पुसत होता. खिडकीबाहेर लिंबाच्या झाडावर ऊन होतं.

"मी पुढेही जळणार," ती कपाकडे बघत म्हणाली. "स्वभाव आहे. आत्ताच सांगून ठेवते."

"मग मला जपून राहावं लागेल."

"आणि चुका करायच्या नाहीत. काही बोलायचं असलं तर सरळ बोलायचं."

गंधारनं पुसलेला कप खाली ठेवला. फडकंही ठेवलं. "सरळ बोलतो. माझ्याशी लग्न करशील?"

नळ वाहत होता. तो बंद करायचं तिला सुचलं नाही. तिनं मान हलवली, मग ती त्याला नीट दिसली नसेल असं वाटून पुन्हा हलवली. त्यानं तिचे ओले हात हातात घेतले.

बाहेरच्या खोलीत बहिणीला कमी ऐकू येत असावं, कारण ॲव्रिल मोठमोठ्यानं बोलत होती. "नाही, नाही, झालंच नव्हतं! कागद आहे माझ्यासमोर. आजीला उगीच चिडवलं सगळ्यांनी... रडू नकोस गं. हो, घेऊन येते तुझ्याकडे, याच आठवड्यात." मग ती जराशी थांबली. "कोण, ही दोघं? नाही, यांचंही अजून झालेलं नाही. थांब, स्वयंपाकघरात फार शांत झालंय. बघून सांगते."